कॅक्टसवरचे काळे डाग आणि मी केलेले उद्योग

तर झालं असं की एका सकाळी खिडकीतल्या झाडांवरची धूळ पुसत होते आणि माझ्या सेरियसच्या मागच्या बाजूला, म्हणजे भिंतीकडची बाजू जी मी महिनोन्महिने बघतच नाही, तिथे काळे डाग दिसले. एक नाही, बरेच. सेरियस म्हणजे तो खांबासारखा सरळ वर जाणारा कॅक्टस. माझा सात धारांचा (धारा म्हणजे खोडावरच्या उभ्या कडा), दोन फूट उंच, मनगटापेक्षा चांगलाच जाड. पाच वर्षं माझ्याकडे आहे, आला तेव्हा वीतभर होता, त्यामुळे जीव अडकलेला. डाग बघितले आणि पोटात गोळाच आला.

आधीच सांगून टाकते, झाड वाचलं, पण अर्धंमुर्धं. आणि जे गेलं त्यात माझ्या घाईचा वाटा मोठा होता.

पहिल्या दिवशी मी काय केलं तर फोटो काढले, झूम करून बघितले आणि पाच मिनिटांत निकाल लावला की ही बुरशी. काळं आहे, डाग आहेत, म्हणजे बुरशीच असणार ना. घरात गुलाबासाठी आणलेलं कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक पडलेलं होतं, ते पाण्यात कालवून झाडभर फवारलं आणि बाटलीत उरलं ते कुठे टाकायचं म्हणून कुंडीतच ओतलं. तीन दिवसांनी बघितलं तर डाग तसेच (अहो ते जाणारच नव्हते, पण ते पुढे सांगते), मग वाटलं हे नुसतं वरवरचं औषध आहे, आतून काम करणारं पाहिजे, म्हणून कार्बेन्डाझिम आणलं आणि तेही मातीत दिलं. त्यानंतर तीन दिवसांनी कुणीतरी म्हणालं नीम ऑइल मार, कशावरही चालतं. मारलं. आणि वर "ऊन लागलं की बुरशी मरते" असं स्वतःचंच लॉजिक लावून कुंडी उचलून थेट कडक उन्हाच्या खिडकीत नेऊन ठेवली.

म्हणजे हिशोब बघा. आधीच ओल्या मातीत आठवड्याभरात दोनदा आणखी ओल, वर तेलाचा थर, वर ऊन. दोन दिवसांत उन्हाकडच्या दोन धारांवर पांढुरके पिवळट चट्टे उमटले आणि पुढच्या आठवड्यात ते तपकिरी, कागदासारखे कोरडे झाले. हे मी स्वतः तयार केलेले डाग. सेरियसच्या अंगावर तो निळसर मेणासारखा थर असतो ना, ऊन परतवणारा, तो तेलानं पुसला गेला आणि आतलं हिरवं उघड्यावर पडलं. शिवाय झाड इतके महिने सावलीत होतं, त्याला असं एका दिवसात कडक उन्हात ठेवलं तर तेल न लावताही भाजलं असतं. ते चट्टे आजही आहेत. भाजलेली कातडी परत हिरवी होत नाही.

तेव्हा मी आत्याला फोन केला. आत्याकडे कॅक्टस माझ्या जन्माच्या आधीपासून आहेत. तिला सगळी स्टोरी सांगितली, औषधांची नावं सांगितली, मला वाटलं शाबासकी मिळेल.

"अगं पण दाबून बघितलंस का?"

"काय दाबून?"

"डाग. कडक लागतो का मऊ लागतो?"

मी अर्थातच दाबला नव्हता. काटे आहेत ना.

"मग औषध कशाचं दिलंस तू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती म्हणाली आता आठ-दहा दिवस काही म्हणजे काही करू नकोस, पाणी नको, औषध नको, नुसतं बघ. आणि एकेक डाग वेगळा बघ, सगळ्यांना एकाच माळेत ओवू नकोस.

मग रविवारी मी रीतसर बसले. सामान काय तर मोबाईलचा टॉर्च, दहापट मोठं दाखवणारं भिंग, टूथपिक, कापूस, स्पिरिट, पांढरा कागद आणि एक परमनंट मार्कर. दाबायला पेन्सिलीची मागची बाजू वापरली, काट्यांच्या मधून बरोबर जाते. आणि काय सांगू, ज्याला मी "काळे डाग" म्हणून एकच रोग समजत होते ते चार वेगवेगळ्या गोष्टी निघाल्या.

सगळ्यात खाली, मातीला लागून चार बोटं उंचीपर्यंत खोड तपकिरी-राखाडी झालं होतं. पेन्सिलीनं दाबलं तर लाकूड. नखानं खरवडलं तर कोरडी खपली, वास नाही, ओल नाही. हा रोगच नाही. कॅक्टस वयात आला की बुंध्याकडून वर वर अशी साल धरतो, वरचं वजन पेलायला. बाहेर याला कॉर्किंग म्हणतात, बूच असतं ना बाटलीचं तसं दिसतं म्हणून. ओळख म्हणजे हे खालून वर जातं, हळूहळू जातं आणि कडक असतं. मी यावर तीन-तीन औषधं मारली होती.

दुसरं, एका धारेवर बारीक करडे-तपकिरी ठिपके, टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडे मोठे. लांबून डागच. भिंगातून बघितलं तर गोल गोल, मधे जरा उंच, छोट्या ढालीसारखे, आणि काही त्याहून बारीक पांढरे लांबट. टूथपिक टोकाखाली घालून उचललं तर आख्खा ठिपका सुटून आला आणि खाली फिकट हिरवी कातडी. डाग कधी उचकटून निघत नाही! ही खवले कीड. कॅक्टसवर येणारी त्यातली नेहमीची जात डायस्पिस एकिनोकॅक्टाय, मादी गोल आणि दोनेक मिलिमीटरची, नर पांढरे लांबट. ही ढालवाली जात चिकट पाणी सोडत नाही, त्यामुळे मुंग्या वगैरे काही खूण नसते, गुपचूप बसून रस पीत राहते. पिठ्या ढेकूण किंवा मऊ खवले असते तर झाड चिकट लागलं असतं आणि त्या चिकट्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते. ती काजळी मात्र ओल्या कापसानं पुसली की निघते, तिला घाबरायचं कारण नाही, ज्यांनी चिकटा केला त्या किडीला घाबरायचं.

लाल कोळी, म्हणजे रस शोषणारी अगदी बारीक कीड, आहे का तेही बघून घेतलं, शेंड्याजवळ पांढरा कागद धरून मऊ ब्रशनं झटकलं, कागदावर काही चालताना दिसलं नाही. कोळ्याचे डाग बहुतेक शेंड्याकडे कोवळ्या भागावर, गंज चढल्यासारखे दिसतात. माझा शेंडा स्वच्छ होता, तो मुद्दा तिथेच सोडला.

तिसरे म्हणजे माझे स्वतःचे भाजलेले चट्टे, त्यांचं वर्णन झालंय.

आणि चौथे खरे काळे डाग. दोनच होते. एक वरती, खोडाच्या मध्यावर, शर्टाच्या बटणाएवढा, काळा, थोडा खोलगट, पण दाबला तर कडक. दुसरा खाली, मातीपासून साधारण दहा सेंटिमीटरवर, भिंतीकडच्या बाजूला, सगळ्यात पहिल्यांदा दिसलेला तोच. नाण्याएवढा, काळपट तपकिरी, कडेला पिवळसर वलय, आणि पेन्सिल लावली तर आत गेली. म्हणजे भोक नाही पडलं, पण पिकलेलं फळ दबतं तशी कातडी दबली आणि तशीच राहिली. मला खरं तर तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण मनाची तयारी नव्हती, म्हणून म्हटलं नऊ दिवस बघू.

मार्करनं प्रत्येक डागाच्या कडेकडेनं रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पायाला सूज आली की कधीकधी डॉक्टर कडेनं पेनानं आखतात ते आठवलं म्हणून केलं. रोज सकाळी त्याच जागेवरून, शेजारी पट्टी धरून फोटो. घरातले हसले, हसू देत. पण या एका गोष्टीनं जे कळलं ते तीन औषधांनी कळलं नव्हतं. डाग रोज बघताना "वाढला का गं?", "नाही, तेवढाच होता", "नाही नाही, काल एवढा नव्हता" असं आपण स्वतःशीच भांडत बसतो, रेघ असली की भांडण मिटतं. बुंध्याची साल जिथल्या तिथे. भाजलेले चट्टे जिथल्या तिथे, फक्त रंग गडद. वरचं बटण जिथल्या तिथे. खालच्या डागानं चौथ्या दिवशी रेघ ओलांडली, चार मिलिमीटर. नवव्या दिवशी अकरा. आणि गंमत म्हणजे आडवा फारसा पसरला नाही, उभाच चढला, धारेच्या बाजूनं वर.

इथे थोडं थांबून सांगते, कारण मला हे माहीत नव्हतं. कॅक्टसच्या खोडात मधोमध नळ्यांचं एक कडं असतं, त्यातूनच पाणी वर जातं. कुज मुळाकडून आत शिरली की त्या कड्याच्या वाटेनं वर चढते आणि बाहेरच्या कातडीवर जो डाग दिसतो तो शेवटी शेवटी दिसतो. म्हणजे बाहेरचा डाग नाण्याएवढा असला तरी आतलं काम कितीतरी पुढे गेलेलं असतं. वरून औषध फवारून तिथे काही पोचत नाही. कॉपरसारखी स्पर्शजन्य औषधं तर फक्त निरोगी कातडीवर पहारा ठेवतात, मेलेला भाग जिवंत करत नाहीत, म्हणून कुठलाही डाग औषधानं "गेला" असं होत नाही, फार तर थांबतो. मी तीन दिवसांनी डाग गेला का बघत होते!

दहाव्या दिवशी कुंडी उलटी केली. जुन्या वर्तमानपत्राच्या जाड घडीचा पट्टा करून खोडाभोवती गुंडाळायचा आणि त्याला धरून झाड उचलायचं, हातमोज्यातून काटे आरपार जातात. माती वरून दोन-तीन सेंटिमीटर ठणठणीत कोरडी होती. मी नेहमी तेवढंच बोट घालून बघायचे आणि पाणी द्यायचे. आत मात्र चिखल. आणि मधोमध, खोडाच्या बरोबर खाली, मुठीएवढा काळा गोळा, ज्या मातीत हे झाड मूळचं विकत आलं होतं ती. मी रिपॉट करताना "मुळं दुखावतील" म्हणून तो गोळा तसाच ठेवून भोवती नवीन माती भरलेली. तो गोळा स्पंजसारखा पाणी धरून बसला होता. बाहेरची माती वाळली तरी तो वाळत नव्हता. वरून कुंडी झाडाच्या मानाने फार मोठी, वर चकचकीत ग्लेझ केलेली, म्हणजे बाजूंनी हवा नाही, आणि खाली शोभेची ताटली, तिच्यात पाणी साठलेलं. शेतकरी वापसा म्हणतात ना, जमीन ना ओली ना कोरडी, मुळांना पाणीही मिळतंय आणि हवाही, तो वापसा त्या कुंडीत बहुतेक कधी आलाच नसेल.

त्यात त्याआधीचे दिवस ढगाळ, दमट. कॅक्टसचं असं आहे की इतर झाडांसारखी तो कातडीवरची बारीक तोंडं दिवसा उघडत नाही, रात्री उघडतो, गारव्यात कार्बन डायऑक्साइड घेऊन ठेवतो आणि दिवसा दारं बंद करून तो वापरतो, म्हणून वाळवंटात टिकतो. पण घरात उजेड कमी, हवा दमट, अशा वेळी तो पाणी फार सावकाश ओढतो. आपण मात्र कॅलेंडर बघून पाणी घालत असतो. मी दर रविवारी घालायचे. दर रविवारी! कॅक्टसला.

मुळं बघितली. बाहेरची काही पांढरट, घट्ट, ठीक. मधल्या गोळ्यातली तपकिरी, आणि चिमटीत धरून हलकं ओढलं की वरचं साल मोज्यासारखं निघून यायचं आणि आत नुसता दोरा राहायचा. वासही होता. फार नाही, पण होता.

आता कापायचं. आत्याला व्हिडिओ कॉल लावून समोर ठेवलं, कारण माझे हात थरथरत होते. ती म्हणाली, "डागाच्या वर चार बोटं सोडून काप, आणि कापलं की मधे बघ, कडेला नाही." लांब पात्याची सुरी स्पिरिटनं पुसली, आणि प्रत्येक कापाच्या आधी परत पुसायची, हे ती दर वेळी ओरडून सांगत होती. बरोबरच आहे, त्याच सुरीनं आपणच कुज वर नेऊन ठेवतो.

पहिला काप. बाहेरून एकदम हिरवागार, ताजा, काकडी कापल्यासारखा. मला वाटलं सुटलो. पण मधल्या कड्यात दोन नारिंगी-तपकिरी ठिपके होते, खसखशीएवढे. मी म्हटलं एवढ्यानं काय होतंय. "आणखी वर काप." सुरी पुसली, सेंटिमीटरभर जाडीची चकती काढली. एक ठिपका. परत पुसली, परत काढली. एक ठिपका, फिकट. परत. चौथ्या चकतीला कडं पूर्ण पांढरट-हिरवं दिसलं, आणि तिनं आणखी एक काढायला लावली, खात्रीसाठी. एवढं सगळं होईपर्यंत दोन फुटांच्या झाडाचा सव्वा फूट हातात उरला होता आणि ट्रेमध्ये चकत्यांची रांग. रडायलाच आलं मला थोडं. पण ज्यांना वाटतं ना की ठिपका राहिला तर राहू दे, औषध लावू, त्यांना मी सांगेन की नका, तो ठिपका महिन्याभरात परत वर चढतो आणि मग कापायला काही उरत नाही.

हे नक्की कुठल्या बुरशीनं केलं ते नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही, त्याला लॅब लागते. अंदाज बांधता येतो. कड्यात लालसर-नारिंगी ठिपके असतील तर फ्युझेरियमचा संशय, टोमॅटो-हरभऱ्यावर मर रोग आणणारे तेच घराणं. एकदम पाण्यासारखं गळणारं आणि घाण वास मारणारं असेल तर बॅक्टेरियाची कुज. आणि तिसरा गट पाण्यातल्या बुरशांसारख्या जिवांचा, पिथियम, फायटोप्थोरा, जे चिखलात खूश असतात आणि खऱ्या बुरशीत मोडतच नाहीत. यातल्या फायटोप्थोरा कॅक्टोरमच्या तर नावातच कॅक्टस आहे, १८७० मध्ये कुजलेल्या कॅक्टसवरच त्याचं पहिलं वर्णन झालं, पुढे सफरचंद आणि स्ट्रॉबेरीवाल्यांना त्यानं जास्त छळलं. हे सांगायचं कारण म्हणजे कार्बेन्डाझिम या तिसऱ्या गटावर चालतच नाही. म्हणजे "बुरशी" एवढंच ठरवून औषध आणण्यात काही अर्थ नसतो. माझे ठिपके नारिंगी होते, त्यामुळे मी फ्युझेरियमच धरून चालले, आणि ते झाडात आत शिरल्यावर त्याला सुरीशिवाय औषध नाही असंच समजा.

(जाता जाता, कापल्यावर पांढरा चीक आला तर ते झाड बहुतेक कॅक्टस नाही, युफोर्बिया आहे (थोड्या कॅक्टसनाही पांढरा चीक येतो). आपण मराठीत दोघांनाही निवडुंगच म्हणतो, त्यामुळे गोंधळ होतो. तो चीक डोळ्यात गेला तर फार वाईट, हात न धुता डोळा चोळू नका.)

कापलेल्या तोंडाच्या कडा पेन्सिलीला टोक काढतो तशा तिरक्या तासल्या. का, तर वाळताना गर आक्रसतो आणि कडक कातडी मागे राहते, कडा तासल्या नाहीत तर तळाशी वाटीसारखा खळगा होतो. नवीन मुळं त्या मधल्या कड्यातूनच फुटतात, ती मातीला टेकली पाहिजेत. तोंडावर गंधकाची भुकटी लावली. दालचिनीची पूडही लोक लावतात, माझ्याकडे गंधक होतं म्हणून गंधक. खरं काम भुकटीचं नाहीच, वाळण्याचं आहे.

मग तो तुकडा एका रिकाम्या कुंडीत, माती न घालता, उभा ठेवला, तोंडाला खालून हवा लागेल असा. आडवा ठेवायचा नाही, खांबासारखे कॅक्टस आडवे पडले की उजेडाकडे वाकायला लागतात. जागा सावलीची, वारा खेळता. पातळ तुकड्याला आठवडा पुरतो, माझा सात-आठ सेंटिमीटर जाड होता, मी पूर्ण तीन आठवडे ठेवला, तोंड टकटक वाजण्याइतकं कडक होईपर्यंत. या तीन आठवड्यांत मी दिवसातून चार वेळा जाऊन बघायचे. काही होत नव्हतं. होणारही नव्हतं. पण बघायचे.

या काळात खवले कीड उरकली. झाड वेगळंच ठेवलेलं होतं, शेजारच्या कुंड्याही तपासल्या, एका मॅमिलॅरियावर (तोही कॅक्टसच) आठ-दहा ठिपके सापडलेच. जुना मऊ टूथब्रश स्पिरिटमध्ये बुडवून हळूच घासायचं, ढाली निघून येतात. एका वेळेत संपत नाही, कारण अंड्यांतून नवीन पिल्लं निघतात आणि ती दिसत नाहीत इतकी बारीक, चालत जाऊन दुसरीकडे बसतात. दर आठवड्याला एकदा असं पाच वेळा केलं. स्पिरिट लावलं त्या दिवशी उन्हात ठेवलं नाही, एकदा भाजून शहाणी झालेय. आणि कापलेल्या तोंडापासून लांब.

वरच्या त्या बटणासारख्या डागाचं काय केलं? तो कडक होता, हलला नव्हता, तसाच राहू दिला असता तरी चाललं असतं बहुतेक. पण फ्युझेरियमचा धसका घेतला होता, म्हणून पात्याच्या टोकानं तो चमच्यानं खरवडल्यासारखा कोरून काढला, आत दोन-तीन मिलिमीटरवर स्वच्छ हिरवा गर लागला. वरवरचाच होता. गंधक लावून सोडून दिला, महिन्याभरात तिथे बेंबीसारखी खपली धरली. आत्या म्हणाली उगाच उकरलंस. असेल.

खालच्या बुंध्याचीही मी आशा सोडली नव्हती. काही मुळं चांगली होती ना, म्हटलं कुजलेला भाग खालच्या बाजूनेही कापत जाऊ, स्वच्छ भाग लागला तर बुंध्याला बाजूनं पिल्लं फुटतील. फुटतात, ऐकलंय आणि आत्याकडे बघितलंयही. पण माझ्या बुंध्यात कडंच्या कडं तपकिरी होतं, अगदी सालीपर्यंत. तो, त्या चकत्या आणि सगळी माती पिशवीत बांधून टाकून दिली, कंपोस्टमध्ये नाही. फ्युझेरियम मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. कुंडी घासून एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी यात भिजवून ठेवली, मग लक्षात आलं की ही कुंडीच मुळात चुकीची आहे, आता तिच्यात छत्र्या असतात.

नवीन कुंडी साध्या भाजलेल्या मातीची, खोडापेक्षा दोन बोटंच रुंद. मिश्रणात दोन भाग परलाइट (पांढरे हलके खडे) आणि धुतलेली जाड वाळू, एक भाग माती. वाळू जाड म्हणजे खरंच जाड, दोन-तीन मिलिमीटरचे खडे, बारीक वाळू घातली तर ती मातीच्या फटी बुजवून उलट सिमेंट करते. शेणखत, गांडूळखत काही नाही, निदान मुळं फुटेपर्यंत. तुकडा कोरड्या मिश्रणात दोन सेंटिमीटर टेकवला, पडू नये म्हणून तीन काठ्या लावल्या, आणि पाणी नाही.

पाणी न घालणं हे सगळ्यात अवघड औषध. झाड पिवळट पडलं, धारा आत ओढल्या गेल्या, खांबाचा अकॉर्डियन झाला. मला वाटलं मेलं. ते स्वतःच्या पोटातलं पाणी वापरत होतं, बस. पण मला कुठे धीर, पाचव्या आठवड्यात मी उपसून बघितलं आणि नुकतंच आलेलं एकुलतं एक मूळ, तांदळाच्या दाण्याएवढं, कट्टकन तुटलं. त्या दिवशी मी कुणाशी बोलले नाही. नंतर उपसायचं नाही, फक्त दोन बोटांनी अगदी हलकं हलवून बघायचं असं ठरवलं. सातव्या आठवड्यात हलवलं तर हललं नाही. मातीनं धरून ठेवलं होतं. तेव्हा पहिलं पाणी, अर्धा पेला.

आता कॅलेंडर बंद. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कुंडी ठेवते, पूर्ण कोरडी असताना किती भरते ते कुंडीवरच लिहून ठेवलंय, वजन तिथपर्यंत उतरलं की आणखी चार-पाच दिवस थांबते आणि मग भरपूर पाणी, खालून निथळेपर्यंत, आणि ताटलीतलं लगेच ओतून टाकायचं. हवेप्रमाणे कधी बारा दिवस लागतात, कधी महिना. उन्हाची सवयही हळूहळू लावली, आधी सकाळचा अर्धा तास, दर आठवड्याला थोडा वाढवत.

चार महिन्यांनी शेंड्याला फिकट पोपटी टोक दिसलं, नवीन काटे मऊ, तांबूस. आत्याला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "छान. मागची बाजू दाखव."

मागची बाजू दाखवली. भाजलेले चट्टे, बेंबी, आणि चट्ट्यांभोवती मार्करची रेघ आणि तारीख, जी अजून निघत नाहीये. स्पिरिटनं घासली तर रेघेबरोबर मेणही जातं, म्हणून तशीच ठेवलीये.